श्वासापर्यंतचं गाणं

आमच्या ताईंना गाणी आवडत नाहीत, असं घरात सगळेच धरून चालले होते. कुणी रेडिओ लावला की त्या उठून आतल्या खोलीत जायच्या. वरच्या मजल्यावरच्यांनी मोठ्याने काही लावलं की खिडकी ओढून घ्यायच्या. विचारलं तर म्हणायच्या, "कान दमलेत." दिवसभर कानांवर पोट भरणाऱ्या बाईने घरी आल्यावर कानांना सुट्टी दिली, तर तिला नावं ठेवणारी मी कोण? तरी मी ठेवायचे. नणंदेला नावं ठेवणं हा भावजयीचा हक्क आहे आणि माझे हक्क मी सहसा सोडत नाही.

ताई म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. आईवडील लवकर गेले, तेव्हापासून धाकट्या भावाला न्हाऊमाखू घालण्यापासून ते त्याला माझ्या गळ्यात बांधण्यापर्यंत सगळं त्यांनीच केलं. लग्न होऊन घरात आले तेव्हा मी मनाशी म्हटलं होतं, सासूच्या जागी अशी करारी नणंद, म्हणजे आता आपली खैर नाही. पण घरात पाऊल टाकून चार दिवस होतात न होतात तोच त्यांनी मला समोर बसवलं आणि विचारलं, "घरात बसून माझ्याशी भांडणार आहेस, की कारखान्यात येऊन काही काम शिकणार आहेस?" मी म्हटलं, "दोन्ही." त्या खूप हसल्या. आणि खरंच, दोन्ही झालं.

कारखाना म्हणायचं एवढंच. टायरच्या दुकानावरचा एक लांबट मजला होता. खालून दिवसभर रबराचा वास यायचा. एका बाजूला खिडक्या, दुसऱ्या बाजूला खोक्यांची छतापर्यंत चळत, आणि मधे आमची टेबलं. आम्ही हेडफोन बनवायचो. घडी घालून पिशवीत टाकता येतील असे, प्रवासात वापरायचे. पुढे मालकांच्या डोक्यातून डबी निघाली. तिचं खरं नाव खिशातला ॲम्प्लिफायर. पण एवढं तोंड भरून कोण म्हणणार? काडेपेटीपेक्षा जराशी मोठी. एका बाजूने फोनला जोडायची, दुसऱ्या बाजूने हेडफोन लावायचा, आणि कडेचं बारकं चाक फिरवलं की फोनमधला मरतुकडा आवाज अंगात आल्यासारखा भरदार व्हायचा. मालकांनी तिला हेडफोनसाठी दोन भोकं ठेवली होती. "प्रवासात माणसाबरोबर माणूस असतं," असं त्यांचं म्हणणं. आमचं म्हणणं असं, की मालकांना घरी एकट्याने काही ऐकायची सोय नव्हती, म्हणून दोन भोकं.

माझं काम गाद्यांचं. हेडफोन कानावर जिथे टेकतो तिथली मऊ गोल गादी ताणून बसवायची. दिसायला सोपं, पण पहिले काही महिने नखं सोलून निघतात. बसवलेला हेडफोन पुढे जायचा तो ताईंकडे. खोलीच्या टोकाला फळ्या ठोकून त्यांच्यासाठी एक खोपटं केलेलं होतं. आतून भिंतींना जुन्या गोधड्या मारलेल्या, म्हणजे बाहेरची ठोकाठोक आत जाऊ नये. पुढच्या बाजूला काच. त्या काचेतून मला माझ्या जागेवरून ताई दिसायच्या, आणि दिसायचे ते मुख्यतः त्यांचे हात.

प्रत्येक हेडफोन ताई स्वतः कानाला लावून बघायच्या. त्यासाठी एक ठरलेला आवाज होता, मालकांच्या वडिलांनी फार पूर्वी करून घेतलेला. आधी एक पुरुष म्हणतो, "डावा." मग म्हणतो, "उजवा." मग ढोलाचा एक जाड ठोका, मग एक घंटा. आणि शेवटी एक बाई गुणगुणते. शब्द नाहीत, तोंड मिटून नुसती चाल. ती चाल एकदा फिरून येते, दुसऱ्यांदा फिरून येते, मग बाई वर चढण्यासाठी श्वास घेते, आणि तिथे सगळं संपतं. मुद्दामच तसं ठेवलेलं. तो श्वास हा सगळ्यात बारीक आवाज. दोन्ही कानांत श्वास नीट आला की हेडफोन पास, एका कानात जरी आला नाही तरी परत. श्वास ऐकला की ताईंचे दोन्ही हात वर जायचे, हेडफोन उतरायचा, पिन निघायची, आणि दुसरा हेडफोन डोक्यावर चढायचा. दिवसभर हेच. मी माझ्या गाद्या त्या हातांच्या तालावर बसवायचे. ताईंचे हात वर गेले की माझी गादी बसलेली असायची, नाही तर मी मागे पडले असं समजायचे.

वर्षानुवर्षं एकच चाल कानांत गेल्यावर ती तोंडावर येणारच. ताई कपड्यांच्या घड्या घालताना ती गुणगुणायच्या. दोनदा फिरवायच्या, श्वास घ्यायच्या आणि थांबायच्या. आमची मुलगी झाली तेव्हा तिला झोपवायचं काम त्यांनी हौसेने घेतलं. पोरगी मांडीवर पेंगायला लागायची, ताई श्वास घेऊन गप्प व्हायच्या, आणि पोरगी टक्क डोळे उघडून त्यांच्या तोंडाकडे बघत राहायची. मी म्हणायचे, "ताई, पुढचं काहीतरी म्हणा, नाहीतर ही लग्नाला आली तरी झोपायची नाही." त्या म्हणायच्या, "पुढचं मला माहीत नाही गं." "मग मनाने लावा." "मनाने कसं लावणार? ते तिचं आहे."

त्यांच्या बाबतीत बऱ्याच गोष्टी अशा श्वास घेण्यापर्यंत येऊन थांबल्या होत्या. कारखान्यात पूर्वी तारा जोडणारा एक जण होता. दोघांची बोलणी घरापर्यंत आली होती म्हणे. मग तो कामासाठी दुसऱ्या गावी गेला आणि तिकडचाच झाला. ताईंनी कुणाजवळ एक अक्षर काढलं नाही. माझ्या नवऱ्याला तर हे अजून नीट ठाऊक नाही. बहिणीच्या मनात काय आहे हे न कळण्यात भावांचा हात कुणी धरणार नाही.

एकदा संध्याकाळी आम्ही दोघी थांब्यावर बसची वाट बघत होतो. माझे पाय दुखत होते आणि बस येत नव्हती, त्यामुळे माझं तोंड चालू होतं. मधेच ताई म्हणाल्या, "ती पुढे काय म्हणत असेल गं?"

"कोण?"

"ती. श्वास घेतल्यावर."

"म्हणत असेल, पुरे झालं, सोडा आता, घरी भांडी पडलीत."

त्या हसल्या. मग बस येण्याच्या दिशेला बघत म्हणाल्या, "मी रोज तिच्याबरोबर श्वास घेते. प्रत्येक हेडफोनला. आणि प्रत्येक वेळी मला वाटतं, आता ती म्हणेल. माहीत असतं, की म्हणणार नाही. तरी वाटतं." मी त्यांची पिशवी माझ्या मांडीवर घेतली, एवढंच.

मालकांना विचारा, असं मी किती वेळा म्हटलं. त्यांनी एकदाच विचारलं होतं. मालक कामाच्या घाईत म्हणाले, "तेवढंच आहे," आणि विषय मिटला. ताईंचा स्वभावच असा, की स्वतःसाठी एखादी गोष्ट दुसऱ्यांदा मागायची म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं. भावासाठी त्या शाळेच्या हेडमास्तरांच्या दारात जाऊन बसल्या होत्या. स्वतःसाठी एक खिळासुद्धा कुणाला मारायला सांगितला नाही.

मग एक दिवस त्यांनी अख्खं खोकं परत पाठवलं.

एखाददुसरा हेडफोन परत येणं रोजचंच होतं. पण खोक्यातला एकूण एक परत, असं कधी झालं नव्हतं. ताई खोपट्याच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "श्वास नाही. एकातही नाही." तारा जोडणाऱ्यांचे चेहरे उतरले. मालक आले, त्यांनी एक हेडफोन लावला, दुसरा लावला, आणि मग तिसरा माझ्या डोक्यावर ठेवला. डावा, उजवा, ढोल, घंटा, बाई. आणि श्वास. स्वच्छ, दोन्ही कानांत. मी ताईंकडे बघितलं. ताईंनी माझा चेहरा वाचला. "मळ साठला असेल," त्या म्हणाल्या आणि खोपट्यात जाऊन तारा गुंडाळायला लागल्या.

कानाच्या डॉक्टरांकडे मी त्यांना ओढतच नेलं. तिथेही एक काचेचं खोपटं होतं, आमच्यापेक्षा चांगलं, गोधड्यांऐवजी भिंतींना करड्या रंगाचा फोम होता. ताईंना आत बसवून हेडफोन दिला आणि हातात एक बटण दिलं. आवाज आला की बटण दाबायचं. ताईंनी आधी हेडफोनची पट्टी वाकवून बघितली, गादी चेपून बघितली, आणि माझ्याकडे बघून नाक मुरडलं. गादी खरंच वाईट बसवली होती. मग तपासणी सुरू झाली. बटण दाबलं जात होतं, दाबलं जात होतं, मग जात नव्हतं. थोड्या वेळाने ताईंनीच हेडफोन उतरवला, दार उघडलं आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "ह्याचा उजवा बरा आहे. डाव्यात बारीक आवाज येत नाहीत. आत तार सुटली असेल. कुठे पडला होता का?"

डॉक्टर भला माणूस. तो हसला नाही. त्याने हेडफोन उलटा केला, डावा उजव्या कानावर आणि उजवा डाव्यावर, आणि म्हणाला, "आता सांगा, कुठल्या बाजूला कमी येतंय?"

ताई ऐकत बसल्या. मी काचेबाहेरून बघत होते. ही युक्ती त्यांचीच होती. शंकेचा हेडफोन आला की त्या असाच उलटा लावून बघायच्या. दोष बाजू बदलून गेला तर तो हेडफोनचा. त्यामुळे त्यांना काहीच समजावून सांगावं लागलं नाही.

"डावीकडेच," त्या म्हणाल्या. मग हेडफोन उतरवत, "उजवाही काही फार बरा नाही."

डॉक्टरांनी सांगितलं ते असं. कान उतरणीला लागले आहेत. बारीक, वरचे आवाज आधी जातात, ते गेलेत. पुढे माणसांचं बोलणं पुसट व्हायला लागेल. यंत्र लावलं की बोलणं समजायला मदत होईल. पण जे आवाज गेले ते परत येणार नाहीत, आणि उरलेले किती टिकतील ते सांगता येत नाही. ताईंनी मान डोलावली, डॉक्टरांचे आभार मानले आणि निघताना त्या म्हणाल्या, "गादी बदलून घ्या. आवाज बाहेर गळतोय."

जिना उतरून खाली आलो तर मलाच रडू फुटलं. त्यांचं काहीच नाही. मला त्यांचा राग आला. माणसाने एवढं शहाण्यासारखं वागू नये, निदान घरच्यांसमोर तरी. मी म्हटलं, "ताई, काहीतरी बोला."

त्या म्हणाल्या, "श्वास गेला. आता ती पण जाईल." आणि मग, आयुष्यात पहिल्यांदा, त्यांनी स्वतःसाठी दुसऱ्यांदा मागितलं. "ती जायच्या आत मला पुढचं ऐकायचंय. तू मालकांना विचार. मला धीर होत नाही."

मी मालकांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले ती हलायचं नाव न घेता. मालकांना आधीच मन खात होतं. ताईंना खोपट्यातून उठवून खोकी बांधायच्या टेबलावर बसवावं लागलं होतं. त्यांनी घरी विचारलं, आईला विचारलं, आणि शेवटी माहिती काढून आणली. तो आवाज एका रेकॉर्डिस्टने करून दिला होता. म्हातारा आहे, पण आहे. गावाच्या दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या टाकीमागच्या चाळवजा इमारतीत राहतो. मालकांनी ताईंच्या हातात एक नवी डबी आणि दोन हेडफोन ठेवले. म्हणाले, "जाताना घेऊन जा. दोघी मिळून ऐका." इतकी वर्षं हेडफोन हाताळून ताईंच्या मालकीचा हा पहिलाच. त्यांनी दोन्ही परत केले आणि खोक्यांतून स्वतः पास केलेले जुने दोन शोधून काढले. मालकांना वाईट वाटायला हवं होतं, पण ते हसले.

सुट्टीच्या दिवशी सकाळी आम्ही गेलो. रेकॉर्डिस्टकाका म्हणजे उंच, वाकलेला, कानांवर केस आलेला माणूस. एका भिंतीला लागून टेपांची कपाटं, आणि उरलेल्या जागेत संसार. आम्ही कशासाठी आलो ते ऐकून आधी त्यांना पटेचना. मग खुर्चीतून उठून आत हाक मारली, "अगं, बाहेर ये. तुझं गाणं ऐकायला लोक आलेत."

आतून त्यांची बायको आली, ओले हात पदराला पुसत. गोल चेहऱ्याची, बुटकी, चालताना धाप लागणारी. "माझं गाणं? ह्यांचं डोकं फिरलंय. मी कधी गाते?"

झालं होतं असं. आवाज घ्यायच्या दिवशी ठरलेली गाणारी आलीच नव्हती. काका खोळंबून बसले होते, आणि काकू त्यांचा डबा घेऊन येऊन कोपऱ्यात बसल्या होत्या. बसल्या बसल्या गुणगुणत होत्या, आणि काकांनी गुपचूप टेप चालू केला. नंतर त्यातला श्वास त्यांना कामाचा वाटला, म्हणून तिथे कापला. उरलेला ठेवून दिला. "का ठेवला?" असं मी विचारलं. काका चष्मा पुसत म्हणाले, "पुसवला नाही."

"ह्यांची वाट बघताना म्हणत असेन काहीतरी," काकू म्हणाल्या. "तासन्‌तास बसवून ठेवायचे. दुसरं काय करणार?"

ताई त्यांच्याकडे बघत होत्या. इतकी वर्षं जिच्याबरोबर रोज श्वास घेतला ती बाई समोर उभी होती. मी सांगून टाकलं. "आमच्या ताईंना ते फार आवडतं. पुढचं म्हणून दाखवाल?"

"मला नाही गं आठवत," काकू म्हणाल्या. "आणि आता दम कुठे राहिलाय. एवढं काय आहे त्यात?" मग ताईंचा चेहरा बघून त्या जरा वरमल्या आणि आत जाऊन आमच्यासाठी पाणी घेऊन आल्या. ताईंनी पेला दोन्ही हातांत धरला आणि म्हणाल्या, "तुमचा आवाज फार चांगला आहे." काकूंनी मान उडवली, पण नंतर दारापर्यंत पोचवायला आल्या आणि ताईंचा हात सोडेनात.

काकांच्या मुलाने जुन्या टेपा कॉम्प्युटरवर चढवून ठेवल्या होत्या. त्यांनी शोधून तो तुकडा ताईंच्या फोनमध्ये घालून दिला, सबंध. "इथेच ऐका की," म्हणाले. ताई म्हणाल्या, "इथे नको." मला वाटलं लाजल्या. पण बसमध्ये बसल्यावर कळलं, की त्यांना ते काकूंसमोर ऐकायचं नव्हतं. पुढचं आवडलं नाही तर चेहरा लपवता आला नसता.

दुपारची बस, अर्धी रिकामी. आम्ही मागच्या बाकावर बसलो. ताईंनी डबी फोनला जोडली, दोन्ही भोकांत पिना घातल्या, एक हेडफोन मला दिला. चाक त्यांनी बरंच पुढे नेलं. मला ते मोठं होत होतं, पण मी बोलले नाही. मग त्यांनी पदर नीट केला, जणू कुणी मोठं माणूस भेटायला येणार होतं, आणि बटण दाबलं.

बाई गुणगुणायला लागली. एकदा फिरून आली. दुसऱ्यांदा फिरून आली. माझ्या कानांत तिने श्वास घेतला, आणि त्याच क्षणी ताईंचे दोन्ही हात वर गेले आणि त्यांनी हेडफोन उतरवून मांडीवर ठेवला.

त्या स्वतःच्या हातांकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे. मला हसू आवरेना, आणि त्याही हसायला लागल्या. समोरच्या बाकावरचा माणूस वळून बघायला लागला. "पुन्हा लाव," त्या म्हणाल्या. पुन्हा लावलं. पुन्हा तेच. श्वास, आणि हात वर. तिसऱ्या खेपेला मला हसू आलं नाही. कारण तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ताईंना तो श्वास ऐकूच येत नव्हता. कानांना पत्ता नव्हता, पण हात बरोबर त्याच जागी उठत होते.

"माझे हात धर," ताई म्हणाल्या. "घट्ट धर. मी ओढले तरी सोडू नकोस."

मी त्यांचे दोन्ही हात माझ्या हातांत घेतले आणि मांडीवर दाबून धरले. चाल एकदा फिरली. दुसऱ्यांदा फिरली. श्वास आला, आणि त्यांच्या हातांनी असा हिसका दिला, की माझ्या हातातल्या बांगड्या वाजल्या. मी सोडले नाहीत. आणि ती बाई पुढे गेली.

फार काही नव्हतं ते. चाल थोडी वर चढली, वर जराशी रेंगाळली, जसं कुणी खिडकीशी उभं राहून रस्त्याकडे बघावं, आणि मग हळूहळू उतरून पहिल्या जागी आली. शेवटी लांबून पुरुषाचा आवाज आला, "झालं, चल जेवू," आणि भांड्याचं झाकण निघाल्याचा आवाज. संपलं. मी ताईंकडे बघितलं. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्यांनी ते पुसलं नाही. त्यांचे हात माझ्याकडे होते.

"पुन्हा," त्या म्हणाल्या.

बस थांबत होती, माणसं चढत होती, उतरत होती. आम्ही ते पुन्हा ऐकलं, आणि पुन्हा. प्रत्येक खेपेला हातांचा हिसका कमी होत गेला. शेवटी त्यांचे हात माझ्या हातांत नुसते पडून राहिले. पुढे काय आहे ते आता हातांनाही कळलं होतं.

मला वाटलं, ताई आता सुखी झाल्या. पण त्यांनी हेडफोन गळ्यात उतरवला आणि बाहेर बघत राहिल्या. मी विचारलं, "काय झालं? आवडलं नाही का पुढचं?"

"आवडलं. फार आवडलं."

"मग?"

"ती श्वास कुठे घेते तेच आता कळत नाही गं. आधी निदान हात उठायचे, त्यावरून समजायचं. आता ती एकदम वर जाते. मी तिच्याबरोबर श्वास घ्यायच्या आतच ती जाते." त्यांनी डबीची तार बोटाला गुंडाळली. "इतकी वर्षं श्वास होता आणि पुढचं नव्हतं. आता पुढचं मिळालं, तर श्वास नाही."

मी डबीचं चाक शेवटपर्यंत फिरवून बघितलं. बाईचा आवाज इतका मोठा झाला की ताईंनी डोळे मिटून घेतले, पण श्वास काही आला नाही. जे कानातून गेलं ते डबीने परत येत नाही, हे डॉक्टरांनी सांगितलेलंच होतं. मी चाक परत मागे आणलं. मला फार असहाय वाटलं. माझं ते मी सहसा कुणाला देणारी बाई नाही, पण त्या वेळी माझे कान काढून त्यांना देता आले असते तर मी दिले असते.

"हेडफोन लावा," मी म्हटलं.

"राहू दे आता."

"लावा म्हणते ना. आणि हात द्या."

त्यांनी लावला. मी माझा लावला, त्यांचा हात हातात घेतला आणि बटण दाबलं. चाल एकदा फिरली. दुसऱ्यांदा फिरली. माझ्या कानांत त्या बाईने श्वास घेतला, तिथे मी ताईंचा हात दाबला.

आणि ताईंनी श्वास घेतला.